देणे आणि देणगी

मराठीतला ‘देणे’ हा शब्द मला फार दिवसांपासून कोड्यात टाकीत आला आहे. आपण एखाद्याला आनंदाने, आपखुशीने काही देतो तेही देणे. आणि वाण्याच्या वहीत आपल्या नावापुढे जो आकडा लिहिलेला असतो तेही देणेच. एकाने मनुष्य उजळ होतो, दुसरे राहिले तर त्याला मान खाली घालून चालावे लागते. तरीही भाषेने या दोन्हींना एकाच शब्दात कोंबले आहे. मी काही भाषेची पंडित नव्हे. दहावीपलीकडे माझे शिक्षण गेले नाही. शिवणकर्तनाचा वर्ग पुरा करून शाळेत लागले, आणि गेली वीस वर्षे मुलांना धावदोरा, तुरपाई आणि काजे शिकवीत आहे. रात्री जेवणखाण आटोपल्यावर कादंबऱ्या लिहिते, इतकेच. परंतु या एका शब्दातल्या दोन अर्थांनी यंदा मला जे छळले, त्याचा हिशेब कुणापाशी तरी मांडावा असे वाटल्यावरून हा लेख लिहायला बसले आहे.

२०२६ च्या जानेवारीतली गोष्ट. १२ तारीख ही विवेकानंदांची जयंती, आणि १९८५ पासून ती आपल्याकडे राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी आमच्या कोल्हापुरातल्या एका तालमीत एका भावाबहिणीचा सत्कार होता, आणि अध्यक्ष म्हणून मला बोलावले होते. दोघेही माझे विद्यार्थी. कार्यानुभवाच्या तासाला भाऊ मागच्या बाकावर बसून मुलींच्या हातातली सुई हिसकावून घ्यायचा. आणि खरे सांगायचे तर त्याची टीप मुलींपेक्षा सरळ यायची. ती त्याच्या घरातच होती. आजा, पणजा चपला शिवणारे. सुभाषनगर-जवाहरनगरच्या बाजूला ज्या गल्ल्यांतून आजही सकाळपासून ऐरणीवर हातोडीचा आवाज येतो, तिथले हे घर.

बाप म्हणायचा, पोरांनी हा धंदा करू नये. पोरांनी तोच केला, पण निराळ्या रीतीने. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीची शिलाई, खिळ्याचे नाव नाही, हे सगळे आजाचेच ठेवले. परंतु रंग नवे आणले, पट्ट्यावर खणाचे कापड बसवले, बायकांसाठी त्याच खणाच्या पिशव्या केल्या, आणि मोबाइलवर छायाचित्रे टाकून मुंबई, पुणे, बंगळूरपर्यंत गिऱ्हाईक मिळवले. नक्षी आणि कापड बहीण पाहते, कातडे आणि कारागीर भाऊ. दोघांचे मिळून वय साठीच्या आतच.

आणि संध्याकाळी सहा वाजता दुकानाची फळी टाकून ही दोघे तालमीत जातात. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. आमच्याकडे तालमीला फुटबॉलचा संघ असतो, तालमीचा गणपती असतो, आणि गल्लीतल्या पोराला जी काही ओळख असते ती पुष्कळदा तालमीचीच. या दोघांनी तिथल्या एका खोलीत अभ्यासिका काढली. चाळीस मुले. ज्यांच्या घरी दिवा आहे पण कोपरा नाही, अशी. शिवाय मुलींसाठी शिवणाचा वर्ग, उन्हाळ्यात शिबिर. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा याच मुलाने आपल्या सोबत्यांना घेऊन घराघरांतून म्हातारी माणसे बाहेर काढली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा सत्काराला मी मनापासून बोलले. सावता माळ्याचा दाखला दिला, गोऱ्या कुंभाराचा दिला. म्हटले, आपल्या संतांनी मळा आणि चाक सोडून देव शोधला नाही. या मुलांनी दुकान सोडून समाज शोधला नाही. टाळ्या पडल्या. मलाही माझे भाषण आवडले.

उतरताना पायऱ्यांपाशी एक म्हातारी उभी होती. चपलेच्या पट्ट्यावरची वेणी घालणारी. हे काम बहुतकरून बायकाच करतात, आणि त्या घरी बसून करतात. तिने माझा हात धरला नाही, डोळे पुसले नाहीत. अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, “बाई, त्यो तुमचं ऐकतोय. दोन म्हैन्याचं माझं येणं हाय. सहा हजार आठशे. तेवढं जरा बोलून बघा की.”

मी म्हटले, “मावशी, राहून गेले असेल. सांगते मी.”

“न्हाई, राहून न्हाई गेलेलं,” ती म्हणाली. “त्याला म्हाईत हाय.”

घरी येईपर्यंत मी त्या मुलाची वकिली मनातल्या मनात पुरी केली होती. मुंबईच्या एका दुकानाने माल घेतला असेल आणि पैसे अडकवले असतील. (हे खरेच निघाले.) नवा धंदा आहे, हातात खेळते भांडवल नाही. तो काही चैन करीत नाही; जुनीच मोटारसायकल वापरतो. आणि उरलेला प्रत्येक पैसा अभ्यासिकेत जातो. हा शेवटचा मुद्दा मनात आला आणि मी थबकले. कारण वकिली म्हणून जो मुद्दा मी मांडला होता तोच, नीट पाहिले तर, फिर्यादीचा होता.

धंदा आणि समाजसेवा एका माणसाने करावी की नाही, हा प्रश्न मी इथे उपस्थित करीत नाही. तो सुटलेला आहे, आणि आपल्याच मातीत सुटलेला आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव फुले पुढे बांधकामाची ठेकेदारी करीत होते, ओतकामाचे सामान विकीत होते. मिळवता हात आणि देता हात त्यांनी निराळा मानला नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली कापडाची गिरणी काढली आणि त्याच काळात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहेही उभी केली. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढून दिले, आणि भर रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला, ही हकीकत आमच्याकडे पोराबाळांना ठाऊक आहे. या हकीकतीतला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. महाराज मदत करून थांबले असते तर गंगाराम उपकृत राहिले असते. त्यांच्या हातचा चहा घेतला तेव्हा ते दुकानदार झाले. दुकान हीदेखील माणसाला माणूस करणारी संस्था असू शकते, कारण तिथे देणारा आणि घेणारा समोरासमोर, एका पातळीवर उभे असतात.

तेव्हा आक्षेप दुकानावर नाही. दुसरा एक आक्षेप पुष्कळ लोक घेतात तोही मला विशेष वजनदार वाटत नाही. ते म्हणतात, ही सेवा म्हणजे जाहिरात आहे. अभ्यासिकेतल्या मुलांची छायाचित्रे चपलांच्या छायाचित्रांशेजारी का दिसतात? दिसतात खरी. मलाही ते डोळ्याला खुपते. पण ज्या मुलाला बसायला कोपरा मिळाला, त्याला कोपरा देणाऱ्याचा हेतू शंभर नंबरी होता की नव्वद, याच्याशी काय कर्तव्य? हेतू शुद्ध होईपर्यंत दान थांबवायचे ठरवले तर जगात फार थोडी दाने होतील.

या बाबतीत धोका आहे तो निराळा. अमेरिकेत २००६ साली ब्लेक मायकोस्की नावाच्या तरुणाने टॉम्स ही पादत्राणांची कंपनी काढली. अर्जेंटिनाच्या प्रवासात त्याने अनवाणी मुले पाहिली होती. योजना अशी, की गिऱ्हाइकाने एक जोड घेतला की एक जोड गरीब मुलाला फुकट जायचा. जगभर तिचे कौतुक झाले, कोट्यवधी जोड वाटले गेले. परंतु लोकांनी विचारले, मुले अनवाणी आहेत ती जोड्यांच्या अभावी की बापाच्या कामाच्या अभावी? आणि फुकटच्या जोड्यांनी भरलेली गाडी गावात आली की गावातल्या जोडे शिवणाऱ्याने काय करायचे? पुढे २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच ही एकास एकची रीत सोडली आणि संस्थांना पैशाच्या रूपाने मदत करण्याचा मार्ग धरला. मायकोस्कीचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. चूक झाली ती हिशेबाची. दुसऱ्याची गरज आपल्या विक्रीला जोडली की त्या गरजेकडे पाहण्याची आपली नजर नकळत बदलते. ती आपल्याला थोडी हवीहवीशी वाटू लागते.

तिसरा आक्षेप लक्षाचा, आणि तो मात्र मला स्वतःला झोंबणारा आहे. सत्काराच्या भाषणात मी गोऱ्या कुंभाराचे नाव घेतले, पण त्याची पुरी गोष्ट सांगितली नाही. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्याचे स्वतःचे रांगते मूल पायांखाली आले. कथेत पुढे विठ्ठलाने ते परत दिले. आपल्या कथांत विठ्ठल असतो; आपल्या घरांत नसतो. मी माझी दुसरी कादंबरी संपवीत होते त्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी महिनाभर शाळेत गप्पगप्प बसत होती. शिवणाच्या तासाला ती कापड मांडीवर घेऊन नुसती बघत राही. मला ते दिसत होते. पण डोक्यात प्रकरण घोळत असे; म्हणत असे, हे एवढे संपू दे, मग तिच्याशी बोलू. प्रकरण संपले, आणि त्या आठवड्यात तिचे लग्न लावून दिल्याचे कळले. दहावीला दोन महिने उरले होते. त्या कादंबरीचे चार लोकांनी कौतुक केले. ती मुलगी आता कुठे आहे मला ठाऊक नाही. दोन व्रते एकदम चालवणाऱ्याला उपदेश करण्याचा माझा अधिकार इतकाच आहे.

म्हणून त्या मुलाला बोलावण्यापूर्वी मी चार दिवस थांबले. मग दोघे घरी आली. चहा झाला. मी म्हाताऱ्या मावशींचे सांगितले.

भाऊ क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाई, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पैसे होते. डिसेंबरात आले होते थोडे. पण अभ्यासिकेचं सहा महिन्यांचं भाडं, विजेचं बिल आणि मुलांची पुस्तकं, असं एकदम आलं. ते दिलं नसतं तर जागा गेली असती. चाळीस पोरं रस्त्यावर. तुम्हीच सांगा, एका बाजूला चाळीस पोरं आणि एका बाजूला एक मावशी. तिला दोन महिने थांबता येतं. आमच्याच गल्लीतली हाय ती, मला अंगाखांद्यावर खेळवलंय तिनं.”

हा युक्तिवाद पोकळ नाही. जो कुणी तो हसण्यावारी नेईल त्याने चाळीस मुलांची जबाबदारी कधी घेतलेली नसावी. मला तात्काळ उत्तर सुचले नाही. बहीण मात्र खाली मान घालून बसली होती, ती म्हणाली, “दादा, तिला थांबता येतं हे तिला विचारलं होतंस का?”

त्या एका वाक्यात सगळे आले. मी पुढे जे लिहीत आहे तो तिच्याच प्रश्नाचा विस्तार आहे.

समजा, विचारले असते. समजा, तो मावशींकडे गेला असता आणि म्हणाला असता, “मावशे, असं असं आहे, पोरांची जागा जाते, तुझे पैसे दोन महिने वापरू का?” माझी खात्री आहे की ती हो म्हणाली असती. मग ते सहा हजार आठशे रुपये तिचे कर्ज झाले असते, तिने समजून उमजून दिलेले. अभ्यासिकेच्या भिंतीवर देणगीदारांची नावे लिहिली आहेत, तिथे तिचे नाव लिहिणे भाग पडले असते. पण विचारले नाही. म्हणजे अभ्यासिकेचे भाडे भरले ते तिच्या पैशांतून; परंतु सत्कार झाला तो याचा. ती त्या सभेत मागे उभी होती, आणि आपल्याच पैशांनी आणलेला हार दुसऱ्याच्या गळ्यात पडताना पाहत होती. आणि तो हार मी घातला होता.

देणे आणि देणगी यांत फरक आहे तो इथे. देणगीत देणारा वर असतो. देणे फेडताना दोघे सारखे होतात. देणगी दिली की समोरचा नमस्कार करतो; मजुरी दिली की तो पैसे मोजून घेतो आणि निघून जातो, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण हक्क असतो. मजुरी वेळेवर दिली म्हणून आजवर कुणाचा सत्कार झाल्याचे मी ऐकले नाही. तेव्हा हातात पैसे थोडे असले, आणि द्यायची ठिकाणे दोन असली, तर भल्या माणसाचे मनदेखील गोड बाजूला झुकते. वाईट माणसे मजुरी बुडवून चैन करतात. त्यांचा प्रश्न सोपा आहे, त्यांच्यासाठी निबंध लिहावा लागत नाही. चांगली माणसे मजुरी थांबवून सत्कार्य करतात, आणि त्या सत्कार्याच्या उजेडात थांबवलेली मजुरी दिसेनाशी होते. कठीण प्रश्न हा आहे.

कायद्याला हा मोह ठाऊक असावा. लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा असे सांगतो की सूक्ष्म आणि लघू उद्योजकाचा माल घेतला तर करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर चक्रवाढ व्याज द्यावे लागते. उलट मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने आपल्या नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्याला देणे घातले आहे. पण तो नफ्यातला, म्हणजे सगळ्यांची देणी भागल्यावर जे उरते त्यातला. कायद्याने क्रम लावून दिला आहे. मुंबईच्या दुकानाने या मुलांचे पैसे थकवले तेव्हा ही दोघे त्या ४५ दिवसांचा आधार घेऊ शकत होती. मावशींना तो आधार नाही. तिचे नाव कुठल्या नोंदणीत नाही. तिचा कायदा म्हणजे या मुलाचे मन. म्हणूनच ते मन ढिले असून चालत नाही.

इथे मला आणखी एक आठवण द्यायची आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्रादा या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि त्यांचा उगम कुठला याचा उल्लेख केला नाही. केवढा संताप झाला! कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो वारसा. कंपनीला उगम मान्य करावा लागला, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केल्याचे जाहीर झाले. त्या संतापात मी होते, ही मुलेही होती. अभ्यासिकेतल्या मुलांनी फलक रंगवले होते: कारागिराचे नाव घ्या, कारागिराचा वाटा द्या.

फलक खरा होता. पण मिलान आमच्यापासून फार दूर आहे, आणि दूरच्या माणसाला आरसा दाखवणे सोपे असते. आमच्या गल्लीतून जो जोड सुंदर खोक्यात बसून बंगळूरला जातो, त्या खोक्यावर मावशींचे नाव नाही. नाव राहू द्या, वेणीचे पैसे दोन महिने नव्हते. प्रादाने घेतली ती आपली नक्षी, असे आपण म्हणालो. आपण घेतला तो तिचा वेळ, आणि तो घेताना आपणही उगम सांगितला नाही.

चपलांवरून मला गांधीजींची गोष्ट आठवते. दक्षिण आफ्रिकेत ते चपला शिवायला शिकले होते. तुरुंगात असताना त्यांनी जनरल स्मट्ससाठी एक जोड तयार केला आणि आफ्रिका सोडताना तो त्यांना भेट दिला. १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेळी, स्मट्सनी तो आदराने परत पाठवला. ज्याने तुरुंगात घातले त्यालाच जोड शिवून द्यावा, ही उदारता सर्वांच्या लक्षात येते. मला शिवणाची मास्तरीण म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या जोडाची प्रत्येक टीप देणाऱ्याच्या हातची होती. त्या भेटीत दुसऱ्या कुणाची मजुरी अडकलेली नव्हती. म्हणून ती भेट स्वच्छ होती. आपण सगळे काही स्वतःच्या हाताने शिवू शकत नाही, हे खरे. पण दुसऱ्याच्या हाताची टीप जिथे असेल तिथे तिचे मोल आधी चुकते करणे, एवढे तर जमण्यासारखे आहे.

त्या संध्याकाळी मी मुलांना इतकेच सांगितले: आधी देणे, मग देणगी. अभ्यासिका चांगली आहे, पण ती तुमच्या उरलेल्या पैशांतून चालू दे. दुसऱ्याच्या अडलेल्या पैशांतून नको. मुलगा म्हणाला, “मग बंद पडंल, बाई.” मी म्हटले, “पडू दे.” किती सहज म्हटले! घर माझे होते, चहा माझा होता, आणि बंद पडणारी खोली माझी नव्हती.

त्यांनी माझे ऐकले. मावशींचे पैसे दोन हप्त्यांत दिले. मावशींखेरीज आणखी तिघीजणींचे येणे निघाले, तेही दिले. मुंबईच्या दुकानाचे पैसे एप्रिलपर्यंत आलेच नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अभ्यासिकेला कुलूप लागले, आणि ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहिले.

लेख इथे संपवला असता तर तो नीटनेटका झाला असता, आणि थोडा खोटा. जूनमध्ये खोली पुन्हा उघडली तेव्हा चाळिसांपैकी एकतीस मुले आली. नऊ आली नाहीत. त्यांतल्या सहाजणांचा काही ना काही बंदोबस्त झाला होता. दोघे गाव सोडून गेले. एक मुलगा, दहावीला बसायचा होता तो, महामार्गावरच्या एका गॅरेजात लागला आहे. मी त्याला भेटायला गेले. हात काळे, चेहरा हसरा. म्हणाला, “बाई, तसंबी माझं डोकं चालत न्हवतंच.” ते खरे नव्हते. त्याचे गणित चांगले होते.

तेव्हा हिशेब असा आहे. मावशींना त्यांचे मिळाले, ते त्यांचेच होते. परंतु ते मिळावे म्हणून जी किंमत पडली ती त्या मुलावर पडली. सल्ला देणाऱ्या माझ्यावर नाही, सत्कार घेणाऱ्या मुलावरही फारशी नाही. मी दिलेला सल्ला चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. अडलेल्या मजुरीवर चाललेली खोली आणखी सहा महिने चालली असती, आणि मग सगळ्या गल्लीच्या विश्वासासकट कोसळली असती, असे मी स्वतःला सांगते. तरीही योग्य सल्ल्याची किंमत कुणीतरी भरतो, आणि भरणारा बहुधा सल्ला मागायला आलेला नसतो, ही गोष्ट मी पूर्वी इतक्या जवळून पाहिली नव्हती.

तेव्हा मला माझे स्वतःचे देणे सापडले. व्यासपीठावर बसून ज्या कामाचे मी कौतुक केले, त्या कामाला मी आजवर एक तासही दिला नव्हता. टाळ्यांतला वाटा मात्र घेतला होता. आता बुधवार आणि शनिवार मी अभ्यासिकेत बसते. गॅरेजातल्या मुलाला शनिवारची सुटी लवकर मिळते. मालकाला मी भेटले आहे, माणूस वाईट नाही. मुलगा आतापर्यंत चार शनिवार आला आणि तीन शनिवार चुकला. परीक्षेचा अर्ज भरायचा म्हणतो. भरील की नाही, मला सांगता येत नाही. हे मी देणगी म्हणून करीत नाही, म्हणून त्याने कृतज्ञ असावे अशी माझी अपेक्षाही नाही. तो चुकला की मला राग येतो, आणि मग आठवते की येणेकऱ्यावर रागवायचा हक्क देणेकऱ्याला नसतो.

भावाबहिणीचे दुकान चालले आहे. बहिणीने आता एक वही घातली आहे. पहिल्या पानावर वेणीवाल्या, तळ कापणारे, शिलाई करणारे यांची नावे आणि त्यांचे येणे; ते पान कोरे झाल्याशिवाय पुढच्या, अभ्यासिकेच्या, पानावर आकडा चढवायचा नाही असा तिचा नियम. पहिले पान सहसा महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कोरे होते. एका महिन्यात झाले नाही. त्या महिन्यात खोलीचे भाडे राहिले, आणि तालमीच्या वडीलधाऱ्यांनी ते वर्गणी काढून भरले. मावशींनी पन्नास रुपये दिले. त्यांना विचारले होते.